गाजरांच्या वाफ्यातली पेशंट

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात 'मी बघतो' या दोन शब्दांनी झालेली आहे. गळका नळ, न लागणारं दार, मेहुणीच्या लग्नातली वाहनव्यवस्था, सगळं मी एकेकदा बघितलेलं आहे. त्यामुळे आमच्या घरात हे दोन शब्द उच्चारले की बायको आधी महत्त्वाच्या वस्तू उचलून आत नेते.

त्या शनिवारी मात्र तिचं लक्ष नव्हतं. मी व्हरांड्यात चहा पीत होतो (व्हरांडा म्हणजे मागच्या दाराच्या दोन पायऱ्या, पण बशीसकट कप घेऊन बसलं की व्हरांडा वाटतो) आणि ती मागच्या बागेत गाजरांच्या वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. तिनं एका गाजराचा पाला धरला आणि ओढला. गाजर उपटायला जरा जोर लागतो, म्हणून तिनं जोर लावला होता. ती त्या जोरासकट मागे मातीत बसली. हातात हिरवागार पाला, पाल्याखाली गाजराची एवढीशी टोपी, आणि टोपीखाली काहीच नाही.

"अहो, इकडे या."

मी गेलो. टोपीच्या खालच्या बाजूला बारीक बारीक खाचा होत्या.

"दात आहेत," ती म्हणाली.

"कोणाचे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करत नाही, विवाहित वाचकांना ते माहीत आहे. तिनं दुसरा पाला ओढला. टोपी. तिसरा ओढला. टोपी. चौथं गाजर अख्खं निघालं, पण तोवर तिचे डोळे भरून आले होते.

आता हे केवळ गाजरांचं दुःख नव्हतं, हे सांगायला हवं. माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेला वेळ बागेला देते. गाजरं तिला तीन वर्षं हुलकावणी देत होती. पहिल्या वर्षी बी वाहून गेलं. दुसऱ्या वर्षी जी आली त्यांना असे दोन-दोन पाय फुटले होते, की चारचौघांत ताटात वाढायची सोय नव्हती. तिसऱ्या वर्षी छान उगवली होती, ती मी तण समजून उपटली (मदत करत होतो). या चौथ्या वर्षी कुठे वाफा भरला होता, आणि त्या भरात तिनं शाळेतल्या सगळ्या बायकांना, म्हणजे मुख्याध्यापिकाबाई धरून अकरा जणींना, पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. सगळं बागेतलं. गाजराचं सूप, गाजराची कोशिंबीर. मुख्याध्यापिकाबाई तिला मागे एकदा म्हणाल्या होत्या, "एवढी माती उपसता, त्यापेक्षा मंडईतून का नाही आणत?" या प्रश्नाचं उत्तर तिला वाडग्यात घालून द्यायचं होतं.

म्हणून मी म्हणालो, "मी बघतो."

मागच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "काय बघतायत ते?"

सासूबाईंची ओळख करून देतो. त्या छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या, त्यातली शेवटची चौदा वर्षं हेडसिस्टर. गुडघ्याच्या दुखण्यासाठी आठ दिवस म्हणून आमच्याकडे आल्या, त्याला आता चौथा महिना चालू आहे. याबद्दल माझी काही तक्रार नाही. (हे त्या वाचणार आहेत.) त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, एक बाळंतिणी आणि दुसरी दारात उगाच गर्दी करणारी. मी कुठल्या प्रकारात मोडतो हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच कळवलं होतं.

विषाचा विषय बायकोनं तिथेच संपवला. "ज्या मातीतलं मी लोकांना वाढणार आहे त्या मातीत मला विष नको." मलाही ते पटलं, शिवाय मला काहीतरी बुद्धीचं करायचं होतं. मी ऑफिसातून आणलेल्या मोठ्या कागदावर बागेचा नकाशा काढला. सगळी बिळं शोधली. चौदा निघाली. दात कोरायच्या काड्यांना कागदाचे झेंडे चिकटवून प्रत्येक बिळापाशी नंबर लावला. बाग एखाद्या छोट्या देशांच्या परिषदेसारखी दिसायला लागली. आता कुठली बिळं वापरातली आहेत हे कळायला हवं, म्हणून मी जुनी वर्तमानपत्रं फाडून त्यांचे बोळे चौदाही बिळांत घट्ट कोंबले. जे बीळ सकाळी उघडं दिसेल ते चालू, असा शास्त्रीय विचार.

सकाळी अकरा बिळं उघडी होती. त्यांतले बोळे मात्र कुठेच दिसेनात. नंबर सातपाशी अग्रलेखाचं पान तेवढं बाहेर टाकलेलं सापडलं, बाकी सगळं आत गेलं होतं.

बायको कंबरेवर हात ठेवून बघत होती. "म्हणजे तुम्ही त्यांना अंथरूण पुरवलंत."

मी खचलो नाही. मी पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं आहे. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि मध्येच कुठे नाहीसं होतं हे मला तोंडपाठ आहे (कागदावर). बिळात पाणी सोडलं की उंदीर भिजून बाहेर येणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दोन-तीन दिवस विचार केला, आणि रजा टाकून बुधवारी सकाळी नंबर चारच्या बिळात रबरी नळी घातली. नंबर पाचपाशी टोपली उपडी घालायच्या तयारीत, हातात बायकोचे बागकामाचे हातमोजे चढवून, दबा धरून बसलो.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. नंबर पाचमधून काही येईना, सहामधून येईना, कुठूनच काही येईना. पाणी मात्र चाललं होतं. ते कुठे जात असेल, असा प्रश्न बावीस वर्षांच्या सवयीनं मला पडला नाही.

कुंपणाच्या पलीकडे आमचे शेजारी घड्याळजी राहतात. घड्याळदुरुस्तीचं दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो. ते सकाळी झाडाखाली लाकडी खुर्ची टाकून, डोळ्याला भिंग लावून, मांडीवर एखादं जुनं घड्याळ घेऊन बसलेले असतात. अतिशय शांत माणूस. घाई हा प्रकार त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळांत दुरुस्त केला, स्वतः कधी केला नाही.

"शेजारी," त्यांनी मला हाक मारली. "तुमच्याकडे जमीन हलतेय का?"

"नाही."

"मग माझ्याकडेच असावी."

मी मान वर करून पाहिलं. त्यांच्या खुर्चीचे मागचे दोन पाय जमिनीत चालले होते. हळूहळू, पण एकसारखे. घड्याळजी आधी सरळ बसले होते, मग दाढी करून घेणाऱ्या माणसासारखे झाले, मग दात दाखवायला गेलेल्या माणसासारखे. मी कुंपण ओलांडून पोचेपर्यंत ते पूर्ण उताणे होऊन आभाळाकडे बघत होते. गुडघे वर, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं घड्याळ.

"लागलं तर नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळाला कान लावला. "चालू आहे."

"अहो, तुम्हाला."

"मलाही काही नाही. पण शेजारी, नळ बंद केलात का?"

मी केला नव्हता. तो बंद करायला मी परत कुंपणावरून उडी मारली, तेव्हा जे फाटलं त्याचा या कथेशी संबंध नाही.

दुसरा एखादा शेजारी माझ्याशी वर्षभर बोलला नसता. घड्याळजींनी कपडे बदलले, आमच्या पायऱ्यांवर बसून चहा घेतला आणि सगळी हकीकत शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "जिवंत धरायचा पिंजरा करून देतो. बाजारातले फार रांगडे असतात. जीव घाबरतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंजरा आला. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नसेल. तारेची बारीक जाळी, पितळी कड्या, आणि झडपेला एका जुन्या टेबल-घड्याळाची स्प्रिंग. अडचण एवढीच, की घड्याळजींना जन्मभर सेकंदाच्या काट्याची सवय. पिंजरा अतिशय नाजूक मिजाजाचा झाला होता. पहिल्या दिवशी त्यात एक सुकलेलं पान सापडलं. दुसऱ्या दिवशी एक भुंगा. तिसऱ्या दिवशी मी.

म्हणजे माझा अंगठा. मी आत शेंगदाणा ठेवत होतो आणि मला शिंक आली.

सोमवारी साहेबांनी माझ्या हाताची मोठी पट्टी पाहून विचारलं, "काय झालं?"

"उंदराच्या पिंजऱ्यात अडकला, सर."

"उंदीर?"

"अंगठा, सर."

दुपारपर्यंत बिलं, मीटर आणि गळती अशा तिन्ही विभागांतले लोक येऊन अंगठा बघून गेले. मला दोन दिवस पेन धरता आलं नाही. कामात फरक पडला असं कोणाच्याही लक्षात आलं नाही, हे मला जरा लागलं.

घड्याळजींनी स्प्रिंग दोन वेढे सैल केली, आणि गुरुवारी सकाळी झेंडा नंबर सातपाशी पिंजऱ्यात खरोखरच कोणीतरी बसलेलं होतं.

मी बायकोला हाक मारली.  बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण केलं होतं.

घरात दिसतो तसला उंदीर तो नव्हता. मातीच्या रंगाचा, गुबगुबीत, कान केसांत लपलेले, तोंड गोल आणि शेपूट इतकी आखूड की उरलेली बाहेर राहिली की काय म्हणून मी झडप तपासली. दोन्ही हातांत शेंगदाणा धरून तो आमच्याकडे बघत होता. मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखा.

"रानातला दिसतोय," बायको म्हणाली. मग पिंजऱ्याजवळ वाकून म्हणाली, "मला वाटलं होतं बघितल्यावर राग येईल."

माझा बेत पक्का होता. ऑफिसच्या वाटेवर आमच्या खात्याचं पंपिंग स्टेशन आहे. त्याच्या मागे मोठी मोकळी जागा आहे, नुसतं गवत. पिंजरा स्कूटरला अडकवायचा, तिथे झडप उघडायची आणि पावणेदहाला ऑफिसात. मी पिंजरा उचलला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. (छत्तीस वर्षं झोपलेल्या बाळंतिणींच्या वॉर्डात वावरल्यामुळे त्यांच्या चपलांना आवाज नाही.) त्यांनी चष्मा चढवला.

"वर धरा. उजेडाकडे. इतकं हलवू नका, हातात काय पिशवी आहे का ती?"

मी वर धरला. त्यांनी एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, खालून पाहिलं.

"दिवस भरत आलेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझे. "कशाचे, आई?"

"हिचे. तीन दिवस, फार तर चार."

"पण मी हिला आत्ता सोडायला चाललोय."

"कुठे?"

"पंपिंग स्टेशनच्या मागे. गवतात."

सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मला अजूनही आपण डॉक्टरांना न विचारता वॉर्डात शिरलोय असं वाटतं. "या अवस्थेत? स्कूटरवरून? अनोळखी जागी, ना घर ना दार? जावई, तुमच्या खात्यात माणसं असतात की नुसते पाइप?"

"आई, तिनं माझी गाजरं खाल्लीयत," बायको म्हणाली.

"डोहाळे असतील."

 पिंजरा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह दिसला, आणि त्यांचा गुडघा त्या क्षणापासून दुखायचा थांबला.

मागच्या शेडमध्ये, जिथे कुदळी आणि रिकाम्या कुंड्या असतात, तिथे दुपारपर्यंत वॉर्ड उभा राहिला. घड्याळजींनी एका मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाची लाकडी पेटी दिली. समोर काच, आतला लंबक काढलेला. ती आडवी ठेवून सासूबाईंनी आत माती, सुकं गवत आणि कापूस घातला. काचेवर कागद चिकटवला, 'खाट नंबर एक'. मी ऑफिसातून आलो तर शेडच्या दारावर भेटीची वेळ लिहिलेली, चार ते पाच. आणि एक वही ठेवलेली. वहीत रकाने होते. वजन (स्वयंपाकघरातला काटा त्यांनी कायमचा उचलला होता), भूक, झोप, सोबत आलेल्याचं नाव, पेशंटशी नातं.

"आई, नात्यात काय लिहू?"

"काय आहे ते लिहा."

मी प्रामाणिकपणे 'पकडणारा' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि 'जबाबदार व्यक्ती' असं केलं. खरं सांगतो, इतकी वर्षं या बाईंनी माझ्याबद्दल एवढा चांगला शब्द कधी वापरला नव्हता. मी वही परत दोनदा वाचली.

संध्याकाळी त्यांनी मुलीला हाक मारली. "हिला एक गाजर लागेल."

"माझं गाजर?" बायको म्हणाली. वाफ्यात आता एकोणीस उरली होती. अकरा पाहुण्या, सूप आणि कोशिंबीर, आणि एकोणीस गाजरं. आदल्या रात्रीच तिनं ती पाल्यावरून अदमास घेऊन मोजली होती.

"एकच. कोवळं बघ."

बायको बागेत उतरली. वाफ्यापाशी गेली, बराच वेळ खाली वाकून बघत राहिली आणि एक बोटभर गाजर उपटून आणलं. नळाखाली धुतलं. मग त्याचे चार तुकडे केले, मग त्या चारांचे आठ. "मोठा घास बसायचा नाही तिला," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता शेडमध्ये गेली.

रविवार उजाडला. अकरा जणी साडेबाराला आल्या. आम्ही दोन टेबलं जोडून बागेतच पानं मांडली होती. (झेंडे मी काढायला विसरलो होतो. खेळाच्या बाईंनी 'हा कुठला खेळ' म्हणून विचारलं.) सासूबाई पाहुण्यांना नमस्कार करून शेडमध्ये गेल्या त्या गेल्याच.

बायकोनं अठरा गाजरांत जे केलं ते चित्रकाराच्याच हातून व्हावं. कोशिंबिरीतले काप इतके पातळ होते की वाटीचा तळ दिसायचा. सुपाचा रंग अगदी सुरेख होता, त्यात टोमॅटोचा किती आणि गाजराचा किती हा प्रश्न कोणी विचारू नये एवढीच प्रार्थना. मुख्याध्यापिकाबाईंनी चमचा सुपात घातला, ढवळला, वर काढला, बघितला आणि परत घातला. वह्या तपासणाऱ्या माणसाचा चमचा होता तो.

"गाजराचं म्हणाला होतात ना?" त्या म्हणाल्या.

 बायकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेडचं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत वर, अंगावर पांढरा एप्रन, कपाळावर घाम.

"सुटली," त्यांनी सांगितलं. "सहा झाली. आई सुखरूप आहे."

अकरा चमचे हवेत थांबले.

"अभिनंदन," मुख्याध्यापिकाबाई सवयीनं म्हणाल्या. मग त्यांना शंका आली. "कोणाला झाली?"

"यांची पेशंट," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हात धुवायला नळाकडे गेल्या.

आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडात सूप होतं आणि ते गरम होतं.

"तुम्ही डॉक्टर आहात?" एका बाईंनी विचारलं.

"नाही, मी पाणीपुरवठ्यात आहे."

"मग ती तुमची कोण?"

"तशी कोणी नाही. बागेत यायची. गुरुवारी सकाळी मी तिला पकडली."

"पकडली?"

"म्हणजे बरेच दिवस प्रयत्न करत होतो. आधी पाणी सोडून बघितलं, तिनं दाद दिली नाही. मग पिंजरा लावला."

खेळाच्या बाईंनी खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली. मुख्याध्यापिकाबाईंनी चमचा खाली ठेवला. "आणि तेव्हापासून त्या... शेडमध्ये?"

"हो, पण सोय चांगली आहे. घड्याळाच्या पेटीत ठेवलीय. रोज गाजर देतो."

पुढचं माझ्याच्यानं सांगवत नाही. एवढंच सांगतो, की बायकोनं "उंदरीण आहे हो बाई, उंदरीण" असं म्हटलं नसतं तर अकरापैकी निदान चार जणी पोलीस चौकीवर गेल्या असत्या.

 मग मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा बदलायला लागला. मी त्यांना चौदा वर्षं ओळखतो, त्यांच्या चेहऱ्याला बदलायची सोय आहे हे मला माहीत नव्हतं.

"बघता येतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"हात धुवून," सासूबाई नळाजवळून म्हणाल्या. "दोघी दोघी. आत बोलायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही."

आणि अकरा जणी जेवण टाकून उठल्या, नळापाशी रांगेत उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एका हाताच्या करंगळीचं अर्धं पेर दुसऱ्या हातानं धरलेलं होतं. "एवढी," त्या म्हणाल्या. "एवढीशी. गुलाबी. डोळे मिटलेले." खेळाच्या बाई दोनदा रांगेत लागल्या. मी बाजूला उभा राहून वही धरली, 'जबाबदार व्यक्ती' या नात्यानं.

तासाभरानं सगळ्या परत पानांवर आल्या. सूप गार झालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाडगाभर संपवलं, परत मागून घेतलं आणि बायकोला म्हणाल्या, "मंडईतल्या भाजीला ही चव नसते." बायकोनं टेबलाखाली माझा हात दाबला. (पट्टीचा हात होता. तरी मी तो तसाच राहू दिला.)

तीन आठवडे वॉर्ड चालला. पिल्लांना केस आले, डोळे आले, मग पाय आले आणि पेटीत गोंधळ सुरू झाला. बायको शाळेतून आली की वही घेऊन काचेसमोर बसायची आणि त्यांची चित्रं काढायची. घड्याळजी चारच्या ठोक्याला यायचे, पाचच्या ठोक्याला जायचे. एका शनिवारी सासूबाईंनी काटा लावून सातही जणांची वजनं घेतली आणि मला सांगितलं, "आज घरी सोडायला हरकत नाही. सावकाश चालवा. खड्डे चुकवा."

मी पेटी मांडीशी घट्ट धरून रिक्षानं गेलो. स्कूटर सासूबाईंनी नामंजूर केली होती. पंपिंग स्टेशनमागच्या गवतात पेटी ठेवून काच उघडली. आई आधी बाहेर आली. नाक वर करून हवा हुंगली आणि मागे न बघता गवतात गेली. पिल्लं एकामागून एक तिच्या मागे. शेवटचं जरा माझ्या बुटावर बसलं, बुटाच्या नाडीचा एक चावा घेतला, त्याला ती आवडली नसावी, मग तेही गेलं. मी तिथे पाच-दहा मिनिटं उभा होतो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोणाला पोचवायला आला होतात?" मी म्हणालो, "घरच्यांना."

परत आलो तर घड्याळजी आणि बायको हातपाय धूत होते. तेवढ्या दोन तासांत त्यांनी वाफा उकरून, खाली आणि चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी बसवून, माती परत भरून, नवीन बी पेरलंसुद्धा होतं. चौदा झेंडे नीट गोळा करून खिडकीत ठेवलेले होते. त्यानंतर आमचं एक गाजर गेलेलं नाही. मी घड्याळजींना विचारलं, हे इतकं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तुम्ही कामात होतात."

गोष्ट खरं म्हणजे इथे संपायला हरकत नव्हती. पण मागच्याच रविवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. हातात पिंजरा, पिंजऱ्यावर रुमाल. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, वाटाण्याच्या शेंगांची पिशवी घेऊन.

"सिस्टर आहेत का?" बाईंनी विचारलं. "आमच्या परसात सापडली. पोट बघून मला लगेच शंका आली. यांना म्हटलं, असंच कुठे सोडायचं नाही, आधी दाखवून आणू."

सासूबाई एप्रन बांधत बाहेर आल्या. बायको आली, घड्याळजी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी अनुभवी माणसासारखी वही उघडली, तारीख घातली आणि यजमानांना धीर दिला, "काळजी करू नका, पहिल्या वेळेला असं होतं."

सासूबाईंनी पिंजरा उजेडाकडे धरला. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, खालून पाहिलं. आत एक गलेलठ्ठ प्राणी पाय पसरून बसला होता आणि वाटाणा खात होता.

"बाई, हा नर आहे."

"पण पोट किती..."

"खाऊन खाऊन सुटलंय," सासूबाई म्हणाल्या. "कामधाम नाही, दोन्ही वेळचं आयतं पुढ्यात येतं. बघणाऱ्याला आपलं वाटत राहतं, की आता काहीतरी होणार." त्यांनी पिंजरा बाईंच्या हातात परत दिला आणि मागे न बघता अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं. "आमच्याकडे पण एक आहे. चौदा वर्षं झाली, मी वाट बघतेय. काही होत नाही."

यजमानांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि हळूच आपलं पोट आत घेतलं. माझं तोवर घेऊन झालं होतं.